निवारण झाले

फोन आला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसून चिंचेच्या कोळाने ट्रंपेट घासत होतो. लग्नसराई तोंडावर आली होती, त्यामुळे हात पुसून घाईने उचलला.

"माणसं कधी पाठवताय?" पलीकडच्या माणसाने नाव-गाव न सांगता विचारलं.

मी म्हटलं, "तारीख सांगा, पाठवतो. किती हवीत?"

"दोन-तीन पुरे. पण जाणती पाठवा. मागच्या खेपेला आलेले नुसते उभे राहून गेले."

मला लागलंच ते. आमची माणसं कुठे नुसती उभी राहून आल्याचं मला आठवत नव्हतं. मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "साहेब, तीन माणसांत रंग भरत नाही. निदान आठ तरी घ्या. ड्रेस लाल ठेवायचा का पांढरा?"

"कुठलाही घाला हो. आत उतरले की काळाच होणार."

"कशात उतरले की?"

"गटारात," तो म्हणाला. मग जरा नरमून विचारलं, "आठ माणसं खरंच देणार? मग बरोबर यंत्रपण आणा की."

मी त्याला मोठा ड्रम आणि तीन ट्रंपेट आणतो म्हणून सांगितलं. त्यावर त्याने फोनच ठेवून दिला.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. आसरपूरच्या बाजारपेठेत माझं 'न्यू प्रभात ब्रास बँड'चं दुकान. मी दत्तोबा आवळे, गावात सगळे मास्तर म्हणतात. दुकान म्हणजे एक खोली, खुंट्यांवर लाल कोट आणि एका कोपऱ्यात माझी बायको हौसा. ती कोटांची बटणं लावायची, टोप्यांचे तुरे शिवायची आणि मी वाजवायला गेलो की दुकानाचा मोबाइल सांभाळायची. बँड गावोगाव फिरला, पण ती कधी बरोबर आली नाही. यायचंय का, असं तिला कुणी विचारलंही नव्हतं.

त्या गटारवाल्यानंतर फोनांची रांगच लागली. कुणाचा रस्त्यावरचा दिवा बंद, कुणाचं पाणी तांबडं, एकाच्या दारात मेलेलं डुक्कर. सगळ्यांचा सूर एकच, की साहेब, आता तरी बघा. मी प्रत्येकाला राँग नंबर म्हणून सांगायचो. काही ऐकायचे, काही म्हणायचे की सरकारी माणसं असंच म्हणतात.

आमच्या दुकानासमोर रस्ता ओलांडला की नसरीनचं ऑनलाइन सेवा केंद्र. दाखले, उतारे, परीक्षेचे अर्ज, काय हवं ते ती काढून द्यायची. मी तिच्याकडे जाऊन रडगाणं गायलं, तेव्हा तिने नगरपरिषदेची नवी वेबसाइट उघडली. वर नगराध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, त्याखाली 'पारदर्शक कारभार, आता तुमच्या बोटावर', आणि अगदी तळाशी 'तक्रार निवारण अधिकारी' असं लिहून पुढे माझा नंबर. नाव नव्हतंच.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या वेबसाइटच्या उद्घाटनाला बँड आमचाच होता. ज्या पुण्याच्या पोरांनी वेबसाइट बनवली, त्यांना नगरपरिषदेतून कागदांचा गठ्ठा गेला असणार, आणि त्यात बँडवाल्याचा नंबरही कुठेतरी लिहिलेला असणार. त्यांना तक्रारीसाठी एक नंबर हवा होता, तो सापडला.

मी नगरपरिषदेत गेलो. तिथल्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की चूक तुमची नाही, आमचीही नाही. पण वेबसाइटबद्दलची तक्रार आता तोंडी घेता येत नाही, ती वेबसाइटवरच करावी लागते. मी परत नसरीनकडे. तिने तक्रार भरली, 'तक्रार निवारणाचा नंबर चुकीचा आहे', आणि बटण दाबलं. माझ्या खिशातला मोबाइल वाजला. 'आपली तक्रार योग्य अधिकाऱ्याकडे वर्ग करण्यात आली आहे.' मी समाधानाने तो परत खिशात ठेवतोय तोवर पुन्हा वाजला. 'आपल्याकडे नवीन तक्रार वर्ग करण्यात आली आहे. तातडीने कार्यवाही करावी.'

नसरीन टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. मला हसू येईना. माझी तक्रार माझ्याचकडे आली होती आणि मी तिचं काय करायचं, हे मला कुणी सांगत नव्हतं.

पुढे आठवडाभर त्या वेबसाइटने मला चांगलंच फैलावर घेतलं. आधी स्मरणपत्र आलं. मग कार्यवाही का झाली नाही, याचा खुलासा मागितला. मग ताकीद. मी बँडमास्तर, उभ्या आयुष्यात सरकारी नोकरी केली नाही, आणि तरी रोज सकाळी बडतर्फ होणार असल्यासारखा मोबाइल उघडायचो. आणि एके दिवशी हे सगळं थांबलं. नसरीनने बघून सांगितलं की तुमची तक्रार हिरवी झाली. समोर लिहिलं होतं, 'निवारण झाले'. नंबर मात्र माझाच, जिथल्या तिथे.

तिने मग बाकीच्या तक्रारी उघडून दाखवल्या. वेबसाइट पारदर्शक होती, कुणालाही सगळं बघता येत होतं. पानामागून पान हिरवंगार. मुदत संपली की तक्रार आपोआप हिरवी होत होती. गटार, दिवा, डुक्कर, सगळ्यांचं निवारण झालेलं, आणि प्रत्येक निवारणाखाली 'संपर्क' म्हणून माझा नंबर.

एव्हाना फोन हौसाच घेत होती. मी वैतागून तो तिच्या हातात देऊन टाकला होता. ती राँग नंबर म्हणत नव्हती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. ती "बोला" म्हणायची, सगळं ऐकून घ्यायची, गल्ली कुठली, किती दिवस झाले, घरात म्हातारं माणूस आहे का, असं विचारायची. मग पाण्याच्या टाकीवरच्या माणसाला, झाडूवाल्यांच्या मुकादमाला, वायरमनला निरोप धाडायची. ही सगळी माणसं आमच्या ओळखीची. त्यांच्या घरच्या लग्नांत आम्हीच वाजवलेलं. निम्मी कामं त्यावरच व्हायची. लोक तिला मॅडम म्हणायला लागले होते.

धंद्याची मात्र वाट लागत होती. बुकिंगवाल्यांना फोन लागायचा नाही, आणि लागलाच तर घोटाळा. एका वधूपित्याने तारीख सांगितली, तर हिने सवयीने विचारलं की किती दिवसांपासून त्रास आहे. तो म्हणाला, मुलगी पंचवीसची झाली, तेव्हापासून. हिने धीर धरा म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. त्या माणसाने दुसरा बँड ठरवला.

मी नवा नंबर घ्यायचं म्हणालो. हौसाने ऐकलं नाही. जुनी गिऱ्हाइकं तुटतील, असं कारण तिने दिलं.

आणि एका दुपारी लोणार गल्लीतले रेडेकर दुकानात येऊन उभे राहिले. पोस्टातून निवृत्त झालेला सभ्य माणूस. ड्रम आणि ट्रंपेट आणतो म्हणून मी ज्यांना सांगितलं होतं ते हेच. ते रागावले नव्हते, तेच वाईट होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मास्तर, गटार तसंच आहे. मग काम झालं म्हणून तुमच्या नंबरावर का लिहिलंय? तुम्ही तर असे नव्हता."

हे गटाराचं काम निरोपावर होण्यातलं नव्हतं; त्याला यंत्र लागत होतं. रेडेकर गेल्यावर हौसा बराच वेळ एकाच बटणात सुई घालत बसली होती. मग तिने दोरा तोडला आणि मला म्हणाली, "उद्या सकाळी माणसं मोकळी आहेत का?"

"आहेत. का?"

"काम झालं असं सरकार म्हणतंय. एवढं काम झालं आणि कुणी वाजवलंसुद्धा नाही. आपण जाऊ या."

मला वाटलं चेष्टा करतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हातात नारळ आणि झेंडूचा हार घेऊन तयार. आठ माणसं लाल कोटात, पुढे हौसा, असे आम्ही लोणार गल्लीत शिरलो. गटार काठोकाठ भरलं होतं आणि वास असा की आमच्या क्लॅरिनेटवाल्याने फुंकायला तोंड उघडलं ते लगेच मिटलं. तरी आम्ही वाजवलं. नवरदेव मांडवात शिरताना वाजवतो ती चाल. गल्ली गोळा झाली. हौसाने हार गटाराच्या कडेच्या दगडाला घातला, नारळ फोडला आणि खणखणीत आवाजात सांगितलं की या गटाराचं निवारण झाल्याबद्दल आसरपूर नगरपरिषदेचं मनःपूर्वक अभिनंदन. मग रेडेकरांना पेढा दिला. रेडेकरांनी तो खाल्ला आणि दोन्ही हातांनी पोट धरून असे हसले, की त्यांना खुर्ची आणून द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं आणि गटार उपसलं गेलं.

मग काय विचारता. आमचंही अभिनंदन करा, म्हणून गल्ल्या मागे लागल्या. तेली गल्लीतला न लागलेला दिवा, शाळेमागचा न उचललेला कचरा, मटण मार्केटजवळचा न बुजलेला खड्डा, सगळीकडे आम्ही वाजतगाजत गेलो. माणसं कुरकुरली नाहीत, कारण चहा-नाश्ता भरपूर मिळायचा आणि लग्नात कुणी बँडकडे बघत नाही, इथे सगळे बघायचे. पोलीस हवालदाराने एकदा परवानगी आहे का म्हणून हटकलं. हौसाने त्याला विचारलं की निषेधाला परवानगी लागते, हे ठाऊक आहे. कौतुकालाही लागते का? त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि वाट दिली.

शेवटी मुख्याधिकाऱ्यांचं बोलावणं आलं. खोपकर नावाचे तरुण साहेब, नवीनच आलेले, घामाघूम. त्यांच्या टेबलासमोर आम्ही दोघं बसलो. त्यांनी हे बंद करा म्हणून सांगितलं. हौसाने विचारलं की साहेब, यात चुकीचं काय ते सांगा, म्हणजे बंद करते. काम झालंय ते चुकीचं, का अभिनंदन केलं ते?

वेबसाइट खोटी आहे असं खोपकरांना म्हणता येईना, कारण सगळं हिरवं असल्यामुळे आसरपूरचं नाव उत्तम वेबसाइटच्या पुरस्कारासाठी गेलं होतं आणि गुरुवारी तपासणीला समिती येणार होती. त्यांनी मग वेगळाच मार्ग काढला. समितीच्या स्वागतासाठी त्यांनी आमचाच बँड ठरवला. बँड आपल्या आवारात असला की दुसरीकडे वाजणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. हिशोब तसा बरोबर होता.

गुरुवारी आम्ही नगरपरिषदेच्या व्हरांड्यात उभे राहिलो. हौसा पहिल्यांदाच ठरलेल्या कार्यक्रमाला बँडबरोबर आली होती, इस्त्रीची साडी नेसून, मोबाइल पर्समध्ये. समितीत तिघे होते, पण बोलत होते सबनीस नावाचे एकटेच. किडकिडीत, वयस्कर, खादीचा शर्ट. सभागृहाची खिडकी व्हरांड्यातच उघडत होती, त्यामुळे आतलं सगळं मला दिसत होतं. पडद्यावर हिरवी पानं सरकत होती, खोपकर टक्के सांगत होते, नगराध्यक्ष मान हलवत होते.

सबनीसांनी सगळं ऐकलं आणि खिशातून स्वतःचा मोबाइल काढला. नंबर लावून बघू, म्हणाले. त्यांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

आम्ही तेव्हा एका चालीच्या ऐन मध्यावर होतो. माझ्या पाठीमागे हौसाच्या पर्समध्ये मोबाइल वाजला. मी हात वर केला, बँड थांबला. खोपकरांनी खिडकीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा आमच्या कोटांच्या उलट, पांढरा झाला.

"बोला, तक्रार निवारण," हौसा म्हणाली. तिचा आवाज मला एकदा पाठीमागून आणि एकदा आतल्या टेबलावरून आला.

सबनीसांचं लक्ष अजून मोबाइलकडेच होतं. त्यांनी सांगितलं की बसस्थानकामागचा दिवा बंद आहे.

"कुठला? पाराजवळचा का रसवंतीसमोरचा?"

सबनीस गोंधळले. "रसवंतीसमोरचा," ते म्हणाले.

"तो बंद नाही. तिथे खांबच नाही. वेबसाइटवर तो लागलेला आहे, पण त्याच्या उजेडात तुम्ही जाऊ नका, पडाल. पाराजवळचा असेल तर वायरमनला सांगते, संध्याकाळपर्यंत लागेल."

सभागृहात कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. सबनीसांनी आता खिडकीकडे बघितलं. हौसाने कानाला मोबाइल लावूनच त्यांना नमस्कार केला. त्यांनीही केला. दोघांत दहा-बारा हातांचं अंतर होतं, पण फोन कुणीच ठेवला नाही.

"आपलं पद काय?" सबनीसांनी विचारलं.

"पद नाही. मी या बँडवाल्यांची बायको. वेबसाइटवर आमचा नंबर चुकून लागलाय."

"मग चुकीचा नंबर आहे, असं लोकांना का सांगत नाही?"

"आमचे हे सांगत होते की. मीपण सांगितलं दोघा-तिघांना," हौसा म्हणाली. "पण लोक विचारायचे, मग बरोबर नंबर कुठला? ते मला ठाऊक नव्हतं. नुसतं नाही म्हणून फोन कसा ठेवायचा?"

सबनीस खोपकरांकडे वळले. "बरोबर नंबर कुठला?"

खोपकरांनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने पडद्याकडे बघितलं. पडद्यावर आमचाच नंबर होता. मग खोपकर अगदी हळू म्हणाले, "पद रिक्त आहे, सर."

सभागृहातली शांतता मला सहन झाली नाही. बँडवाल्याला शांतता सहन होतच नाही. मी ट्रंपेट तोंडाला लावला आणि मागच्यांनी साथ धरली.

आसरपूरला उत्तम वेबसाइटचा पुरस्कार मिळाला नाही. पण सबनीसांनी काय लिहिलं कोण जाणे, 'नागरिकांशी संवाद' या सदरात उत्तेजनार्थ प्रमाणपत्र आलं, कारण समिती फिरली त्या सगळ्या गावांत फोन उचलला गेला तो एवढाच. नगराध्यक्षांनी ते स्वीकारलं. खोपकर वाईट माणूस नव्हता. त्यांनी प्रमाणपत्राची एक प्रत हौसाला स्वतः आणून दिली. वेबसाइटवरचं आपोआप हिरवं होणं बंद झालं. रिक्त पद भरलं, पाटणकर नावाचे अधिकारी आले, वेबसाइटवर त्यांचा नंबर लागला. ते फोन उचलायचेसुद्धा.

आमचा फोन एकदम गप्प झाला. बुकिंगचे तेवढे यायचे. मी खूश होतो. चार दिवस गेले आणि माझ्या लक्षात आलं, हौसा बोलत नाहीये. भांडण नव्हतं. वाढायची, बटणं लावायची, पण मधूनच मोबाइल हातात घेऊन बघायची, चालू आहे का म्हणून. एकदा तर तिने तो कानाला लावून पाहिला. कुणी नव्हतंच. मला बघितल्यावर पदराने पुसल्यासारखं करून ठेवून दिला. वीस वर्षं ती त्या कोपऱ्यात बसत होती, आणि तिला काय आवडतं ते मला गावाच्या गटारांनी सांगावं लागलं.

संध्याकाळी मी रस्ता ओलांडून नसरीनकडे गेलो आणि तिचा फोन मागून घेतला. तिथून आमचं दुकान दिसतं. मी नंबर लावला. हौसा दचकली, पदर सारखा केला आणि मगच उचलला.

"बोला."

मी आवाज जाड केला. "मॅडम, तक्रार आहे. आता दुसरा नंबर लागलाय, ठाऊक आहे, पण ही तक्रार त्यांच्याकडे सांगण्यासारखी नाही."

"काय तक्रार आहे?"

"घरात कुणी बोलत नाही. चार दिवस झाले."

तिने मान वर करून रस्त्यापलीकडे बघितलं. मी खांबाआड झालो, पण मागे नसरीन खुसखुसत होती, ते तिला ऐकू गेलं असणार.

"घरातल्या माणसाला काही विचारलंत का तुम्ही?" तिने विचारलं. "का नुसतीच तक्रार करताय?"

"विचारायचं राहिलंय. पुढच्या आठवड्यात इस्लामपूरला वाजवायचंय. ती येईल का बरोबर?"

"पत्ता सांगा," ती म्हणाली. आवाज अगदी ऑफिसातला.

मी सांगितला. बाजारपेठ, न्यू प्रभात बँडच्या समोर, ऑनलाइन केंद्र, खांबाआड.

"हे प्रत्यक्ष येऊन बघावं लागेल," हौसा म्हणाली. तिने फोन पर्समध्ये टाकला, दुकानाला कडी घातली आणि दोन्ही बाजूंच्या गाड्यांना हाताने थांबवत सरळ रस्ता ओलांडून यायला लागली.